आरशाचं दुःख

"पाय तुझे नाहीत ना? मग तोंड कशाला चालवतोस?"

आत्या हे ओरडली तेव्हा तिच्या हातात ओली चादर होती. ती पिळायला धरलीय की मला हाणायला, ते कळत नव्हतं.

"तोंड माझं आहे म्हणून चालवतो," मी म्हटलं. "तो माणूस तुम्हाला उल्लू बनवतोय."

"शाळेत बाईंनी विचारलं की गप्प. इथे बरी उत्तरं सुचतात!"

सगळ्या बायका हसल्या. आमच्या लॉन्ड्रीत माझी शाळा सुटली हा विनोद कायम ओलाच असतो, वाळतच नाही. मी रागाने शेजारच्या बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती हे लाथ मारल्यावर कळलं.

"घ्या," आत्या म्हणाली, "आता ह्यालाही गुरूंसमोर बसवा. अंगठा सुजला."

थांबा, आधी नीट सांगतो.

आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, पडदे, ब्लँकेटं येतात. जाड ब्लँकेटं मशीनमध्ये मावत नाहीत. ती सिमेंटच्या हौदात टाकून पायांनी तुडवावी लागतात. ते काम बायकांचं, आणि अनवाणी. हौदातून बाहेर आलं की ओल्या फरशीवर उभं राहून पिळायचं, नाहीतर इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभं. त्यामुळे इथली बाई चेहऱ्यावरून ओळखण्याआधी टाचेवरून ओळखता येते. घट्टे असे, की चादरीवरून पाय गेला तर धागा उसवतो. आत्याच्या अंगठ्याखालच्या घट्ट्यावर काडी ओढली तर पेटेल असं माझे बाबा म्हणतात. अर्थात, आत्या घरात नसताना.

उपाय करायचे बायकांनी बाकी ठेवले नव्हते. आमच्याकडे सगळ्यांचा समज एकच: जे कापडाला चालतं ते कातडीला चालतं. एक बाई दिवसभर चादरींच्या घड्या घालते, तिला आम्ही घडीवालीच म्हणतो. तिने टाचांना कपडे मऊ करायचं औषध चोळून पाहिलं. "टॉवेल मऊ होतो तर टाच का नाही होणार?" टाच होती तशीच राहिली. फक्त ती जिन्यात आहे की गच्चीवर, हे वासावरून कळायला लागलं. दुसरीने ब्लीच लावलं. तिचं पुढे काय झालं ते ती सांगत नाही, आणि आम्ही विचारलं तर गरम पाण्यातून कपडे काढायचा चिमटा घेऊन मागे लागते.

शेवटी बायकांनी मालकांकडे रबरी बूट मागितले, आणि उभं राहायला जाड मॅट. मालक म्हणाले, "बघतो." आणि त्यांनी काय बघितलं? कोमलगुरू!

"बूट काय, वरवरचा इलाज," मालक म्हणाले. "हे दुखण्याच्या मुळाशी जातात. आणि तुम्हाला फुकट."

तर जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या खोलीत गर्दी. मशीनवाल्या, पिळणाऱ्या, इस्त्रीवाल्या, शेजारच्या गल्लीतल्या चार रिकाम्या बायकासुद्धा. मधल्या टेबलावर, इस्त्रीच्या जाड कापडावर, कोमलगुरू बसलेला. पांढरे शुभ्र कपडे. आमच्या डोळ्यांना लगेच दिसलं की नीळ जरा जास्त झालीय, पण कोणी बोललं नाही. त्याने बूट काढून मागे ठेवले होते आणि दोन्ही तळवे आमच्याकडे केले होते. गुलाबी. मऊ. तान्ह्या बाळाचे असतात तसे.

"हे तळवे नीट बघा, ताई," तो म्हणाला. आवाजसुद्धा मऊ, जसा काही सकाळी भिजत घातलेला. "ह्यात दुःखाचा कणसुद्धा उरलेला नाही. उरलाच नाही! तुम्हाला वाटतं घट्टा पायाला पडतो. चूक. घट्टा मनाला पडतो. दुःख जड असतं. जड वस्तू कुठे जाते?"

"खाली!" बायका म्हणाल्या.

"डोक्यातून छातीत, छातीतून पोटात, पोटातून गुडघ्यात. आणि पुढे रस्ता संपतो. मग ते तळव्यात साचतं, सुकतं, घट्ट होतं. त्यालाच आपण काय म्हणतो?"

"घट्टा!"

"बाई गं," घडीवाली म्हणाली, "म्हणून माझे गुडघे दुखतात. माझं अजून वाटेत आहे."

मग त्याने निळ्या डबीतून पाण्यासारखी पातळ जेली काढली. तिचं नाव शांतिजल. घडीवालीच्या टाचेला लावली, जरा सुकू दिली आणि अंगठ्याने गोल गोल चोळायला लागला. सगळ्या माना पुढे झाल्या. आणि काय सांगू, टाचेतून राखाडी वळ्या निघायला लागल्या! बारीक, लांब, ढीगच्या ढीग. पांढऱ्या रुमालावर झटकल्या की टपटप पडत होत्या.

"बघा तुमचं दुःख," कोमलगुरू म्हणाला. "लांब वळी म्हणजे सासरचं. गोळी झालेली म्हणजे गिळलेलं बोलणं. आणि ही चपटी..." तो हळूच हसला, "शेजारणीचं बरं चाललेलं बघून झालेलं."

घडीवालीने शेजारणीकडे बघितलं. शेजारण छताकडे बघायला लागली.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बायकांची शर्यत लागली. कोणाचं दुःख जास्त! एकीच्या वळ्या रुमालभर निघाल्या, ती अशी ताठ मानेने उतरली की जशी काही वर्गात पहिली आली. आत्याच्या निघाल्या चिमूटभर. आत्याचा चेहरा पडला.

"एवढंच? नीट चोळा ना. मी काय कमी सोसलंय?"

"जरा खोल आहे, ताई," म्हणत त्याने आणखी जेली घेतली. आणखी वळ्या निघाल्या. आत्या खूष. जास्त जेली, जास्त वळ्या. हे मी बघितलं. पण बघणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

माझी आई कोपऱ्यात इस्त्री बाजूला ठेवून उभी होती. आई फार बोलत नाही. ती इथली सगळ्यात जुनी इस्त्रीवाली. तिचा एक नियम आहे आणि तो अख्ख्या लॉन्ड्रीचा नियम आहे. गिऱ्हाईक म्हणतं, चादर स्वच्छच होती, उगाच धुतलीत. आई काही वाद घालत नाही. धुतल्यावर निघालेलं काळं पाणी दाखवते आणि म्हणते, "निघालं म्हणजे आत होतं." गिऱ्हाईक गप्प. आयुष्यभर मळ काढणाऱ्या माणसांना हेच खरं वाटणार. टाचेतून वळ्या निघाल्या, म्हणजे टाचेत होत्या. संपला विषय.

तेव्हाच मी बोललो की हे थोतांड आहे, आणि तेव्हाच ते बादलीचं प्रकरण झालं.

कोमलगुरू चिडला नाही. हात जोडून म्हणाला, "ये बाळा. बस."

"थांबा," मी म्हटलं. "पाय धुऊन येतो." मी नळावर गेलो. कॉलर घासायचा ब्रश घेतला, साबण घेतला आणि पाय लाल होईपर्यंत घासले. मऊ, स्वच्छ, कोरडे करून आलो आणि ऐटीत बसलो. म्हटलं, आता काढ माझ्यातून काय काढतोस ते.

त्याने चोळलं. वळ्या निघाल्या. भरपूर.

सगळ्या बायका माझ्या पायावर वाकल्या.

"एवढ्या लहान वयात," कोमलगुरू म्हणाला. त्याने एक वळी बोटावर घेतली, उजेडात धरली. "शाळा. ही शाळेची आहे." पाच मिनिटांपूर्वी आत्याने माझ्या शाळेवरून बोंब ठोकली होती, ती बहुतेक त्याच्या कानातून माझ्या तळव्यात उतरली होती!

मी वर बघितलं तर आईच्या डोळ्यांत पाणी.

"एवढं आत ठेवलंस होय रे?" ती म्हणाली. "मला वाटलं तुला अभ्यासाचा कंटाळा होता."

"आई, मला खरंच कंटाळाच होता!"

पण कोण ऐकतंय. बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवले. घडीवालीने तर नाक शिंकरलं. आणि आई, जी इतका वेळ लांब उभी होती, ती येऊन टेबलावर बसली. माझ्यामुळे बसली. हे मला नंतर फार लागलं.

आईला शुगर आहे. तिच्या टाचेला आणि चवड्याला जाड घट्टे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं होतं, घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलं होतं आणि परत दाखवायला बोलावलं होतं. कोमलगुरूने ते ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

"ते आजपासून बंद. दोन शक्ती एका पायात नांदत नाहीत." त्याने जेली चोळली, आणि मग तिच्या घट्ट्यांवर पट्ट्या चिकटवल्या. जाड घट्टेवाल्यांसाठी खास, शांतिपट्टी. "मी पुन्हा येईन तेव्हा मीच काढणार. तोवर उघडायची नाही, बघायचीही नाही. बघितलं की दुःख मागे फिरतं."

खरं सांगायचं तर पट्टीने काही बायकांना फरक पडला. आत्याची पट्टी आंघोळीत सुटून आली, खालची कातडी पांढरी पडून सोलली गेली आणि खाली बरी मऊ त्वचा दिसली. मग काय विचारता. आत्या घरात टाच वर करून फिरायला लागली. "हात लाव. लाव ना. आता बोल!"

मी काय बोलणार? मी गप्पच झालो असतो. पण एका सकाळी आई स्वयंपाकघरात चालत होती आणि फरशीवर टक टक आवाज येत होता.

"आई, पायाला काय लागलंय?"

"कुठे काय?"

मी खाली बसलो, तिचा पाय उचलला. चवड्यात, पट्टीच्या शेजारी, शर्टाचं बटण रुतलं होतं. चिकटलं नव्हतं, रुतलं होतं, कडेवर उभं. मी ते ओढून काढलं. आई भाजी चिरत होती, तिची सुरी थांबलीसुद्धा नाही.

"आई, दुखलं नाही?"

"नाही रे. बघ ना, किती दिवसांनी पाय असे हलके झालेत. दुखणंच नेलं त्यांनी."

मला भीती वाटली. मी सहसा घाबरत नाही, मला राग येतो. पण तेव्हा भीतीच वाटली. मी टाचेवरच्या पट्टीची कड उचलली. आईने माझ्या हातावर चापट मारली, "बघायचं नाही सांगितलंय!" पण मला दिसायचं ते दिसलं. घट्ट्याच्या कडेची चांगली कातडीसुद्धा पांढरी, फुगलेली, ओली. तिच्या बाजूने लाल. ब्लीच जास्त झालं की कापड असंच दिसतं. आधी काय सुंदर पांढरं दिसतं, आणि घडी घालायला उचललं की बोट आरपार जातं.

"चल डॉक्टरीणबाईंकडे. आत्ता."

"काही होत नाहीये मला."

"तेच तर! काही होत नाहीये म्हणूनच चल!"

"ओरडू नकोस." आईने सुरी खाली ठेवली. "तू म्हणतोस खोटं आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं तुझ्या पायातून काय निघालं ते. निघालं म्हणजे आत होतं. नव्हतं, तर मग आलं कुठून? एवढं सांग, मी लगेच चप्पल घालते."

मी दार आपटलं आणि बाहेर येऊन बसलो. आई लॉन्ड्रीत निघून गेली. त्या दुपारी कोमलगुरू परत येणार होता, आणि तो नव्या पट्ट्या लावणार होता. ह्या वेळी कितीतरी दिवसांसाठी.

मागच्या खोलीत आत्याची धाकटी मुलगी चित्र काढत बसली होती. पोरगी चित्र कमी काढते, खोडते जास्त. खसाखसा खोडरबर चालवायचा, फुंकर मारायची, परत खसाखसा. मी उगाच बघत होतो. तिने फुंकर मारली आणि माझ्या पायावर चुरा उडाला. राखाडी. बारीक. लांब लांब वळ्या.

मी ताडकन उठलो.

"ए, हा चुरा वहीचा की रबराचा?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी विचारलं, पाणी ओलं असतं का.

"रबराचा. वही कुठे कमी झालीय? रबर बघ केवढुसा उरलाय." मग जरा विचार करून म्हणाली, "तुला म्हणून शाळेतून काढलं का?"

"काढलं नाही. मी सोडली. चल उठ."

आत्याने शांतिजलाची एक डबी घरी आणून ठेवली होती. ती पिठाच्या डब्यामागे लपवलेली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी डबी काढली. तोंड धुवायच्या जागेवरचा आरसा उतरवला, पुसून लख्ख केला. त्यावर जेली लावली, जरा थांबलो आणि अंगठ्याने चोळलं.

आरशातून वळ्या निघाल्या.

पोरगी टाळ्या पिटायला लागली. मी आरसा काखेत मारला, तिला दुसऱ्या हाताने धरलं आणि लॉन्ड्रीकडे पळत सुटलो.

इस्त्रीच्या खोलीत पोचलो तेव्हा आई टेबलावर बसली होती. समोर स्टुलावर अनवाणी कोमलगुरू, हातात नव्या पट्ट्या.

"थांबा!" मी ओरडलो. "आधी ह्याचं दुःख काढा!" आणि आरसा टेबलावर ठेवला.

"आला परत," आत्या म्हणाली. "आणि आरसा कशाला? तोंड बघायचंय का स्वतःचं?"

मी टेबलावरच्या त्याच्याच डबीतली जेली आरशावर लावली. बायका टाचा उंचावून बघत होत्या. चोळलं. वळ्या पडल्या, पांढऱ्या कापडावर, सगळ्यांच्या देखत. मी आईकडे बघितलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

"आता सांगा," मी म्हटलं, "आरशाला सासर आहे का?"

मला वाटलं, संपलं. जिंकलो. पण कोमलगुरूने डोळे मिटले, मोठा उसासा टाकला आणि म्हणाला, "बिचारा आरसा. किती जणी त्याच्यासमोर रडल्या असतील! सगळं त्याने शोषून घेतलं."

"हो ना!" घडीवाली म्हणाली. "मी तर रोज रडते आरशापुढे!"

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावरचा कोरा प्लॅस्टिकचा मग उचलला. "आणि हा? हा आज उघडलाय, ह्याचं कागदाचं लेबलसुद्धा निघालं नाहीये!" चोळलं. वळ्या.

"वस्तू भोळ्या असतात, बाळा. दुःखी माणसाच्या जवळ आल्या की घेतात ओढून."

बायका मान हलवायला लागल्या. मी तो मग त्याला फेकून मारणारच होतो, अगदी हात वर गेला होता. तेवढ्यात पोरीने माझा शर्ट ओढला.

"अरे पण," ती मोठ्याने म्हणाली, "ह्यांच्यात नाहीये ना दुःख? मग ह्यांच्याच पायाला चोळ की."

कोमलगुरूने पाय टेबलाखाली घेतले.

आणि आता ऐका. त्याला वाचवायला कोण पुढे आलं? आत्या! "हो, चोळाच!" ती कंबरेला पदर खोचत म्हणाली. "होऊनच जाऊ दे! एक वळी निघाली तर सांग. बघू दे ह्या दीडशहाण्याला, खरा पाय कसा असतो ते. गुरू, आणा पाय इकडे."

"नको, ताई. आज नको. माझा आज मौनाचा..."

"मौन तोंडाचं असतं, पायाचं कुठे असतं? आणा!" तिने त्याचा घोटा पकडला. आत्याचा हात म्हणजे ओलं ब्लँकेट पिळणारा हात. त्यातून पाय सुटत नाही. तो ओढत होता, ती भक्तिभावाने धरून होती. डबीतली जेली त्या गुलाबी तळव्यावर लावली, फुंकर मारून वाळवली आणि चोळायला लागली.

एक वळी निघाली. मग दुसरी. मग ढीग.

आत्या चोळायची थांबली. तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. मग घडीवालीने वाकून एक वळी निरखली.

"लांब आहे," ती म्हणाली. "सासरचं. गुरू, तुमचं लग्न झालंय?"

जो हशा उठला, तो बाहेर हौदापर्यंत ऐकू गेला. फक्त आत्या हसली नाही. ती फार हळू बोलली, आणि ती हळू बोलते तेव्हा आम्ही घरातले सगळे बाहेर जातो. "म्हणजे मी माझं सगळं ह्याला सांगितलं," ती म्हणाली, "आणि हा जेली चोळत होता."

मी आईसमोर उभा राहिलो. "आई, तू विचारलंस ना, कुठून आलं? डबीतून आलं. खोडरबर घासला की चुरा वहीचा नसतो, रबराचा असतो. पेन्सिलीचा थोडा काळेपणा लागतो एवढंच. तसं ह्यालाही पायाचा थोडा मळ लागतो. बाकी सगळी त्याचीच जेली आहे. सुकत आली आणि चोळली की तिच्याच वळ्या होतात. तुझ्या पायावर, माझ्या पायावर, आरशावर, कशावरही."

आईने त्या ढिगातली एक वळी उचलून बोटांत चुरगळली. आयुष्यभराचा नियम मोडायला वेळ लागतो. मग तिने कोमलगुरूला विचारलं, "आणि ह्या पट्टीत काय आहे?"

तो बूट घालत होता. ते बूट मी बघितले. आतून जाड, मऊ गादी. हेच त्याच्या गुलाबी तळव्यांचं रहस्य. हा माणूस जन्मात कधी ओल्या फरशीवर उभा राहिला नव्हता. तो दाराकडे गेला, आत्या त्याच्यामागे गेली, हातात चिमटा. पुढचं मी बघितलं नाही. आई म्हणाली, "माझी चप्पल दे."

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या काढल्या तेव्हा मी आईकडे बघत होतो, पायाकडे नाही. टाचेखाली जखम झाली होती. मोठी नव्हती, पण होती. आईला तिचा पत्ताच नव्हता.

"दुखत नव्हतं हो," आई म्हणाली.

"शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झाल्यात. दुखत नव्हतं ही चांगली बातमी नव्हती, ताई." बाईंनी पट्टीचा वास घेतला, बोटाने दाबून बघितली. "ह्यात बहुतेक जोरदार सॅलिसिलिक अ‍ॅसिड आहे. घट्टे विरघळवायला वापरतात. औषध वाईट नाही. ज्याला नीट जाणवतं, तो झोंबलं की काढून टाकतो. तुम्हाला झोंबणारच नाही. ते घट्टा खाऊन पुढे चांगली कातडीही खातं. आणखी थोडे दिवस ही पट्टी राहिली असती, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पाय साफ करायला लागल्या.

मला ते न बोललेलं अर्धं वाक्य कळलं. आईलाही. तिने माझं मनगट धरलं, आणि ड्रेसिंग होईपर्यंत सोडलं नाही.

नंतर मी विचारलं, मग घट्ट्याला लावायचं काय? बाईंनी सांगितलं, आणि मला वाटलं, अरे, हे तर आपलंच धुलाईचं काम आहे! युरियाचं मलम म्हणजे भिजवणं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो, टणक भाग मऊ करतो. लॅक्टिक अ‍ॅसिड मेलेली कातडी हळूहळू सुटी करतं. सॅलिसिलिक म्हणजे डाग काढायचं कडक औषध, जपून, आणि शुगर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. मऊ झालं की हलक्या हाताने दगडाने घासायचं. आणि शेवटी ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली, म्हणजे ओल उडू नये म्हणून झाकण. आईच्या पायाला मात्र भिजत ठेवणं नाही, घरी घासणं नाही, ब्लेड तर नाहीच. जखम भरल्यावर बाई सांगतील ते मलम, पायात चप्पल आणि रोज आरशात दोन्ही तळवे तपासायचे.

"युरिया?" आई म्हणाली. "तो शेतात टाकतात ना?"

"नाव तेच," बाई म्हणाल्या. "पण मलम दुकानातून आणा, गोणी नको."

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत एकही बाई हौदात उतरली नाही. सगळ्या काठावर उभ्या. मालक म्हणाले, गुरूंना पुन्हा बोलावू का. आत्या म्हणाली, "बोलवा. आणि तुमचाही पाय आणा. तुमच्यातून काय निघतं ते बघायचंय आम्हाला." रबरी बूट आले. मॅटसुद्धा आल्या.

तर सांगायचं एवढंच. तुमच्याकडे उद्या कोणी येईल, पाण्यातून, पोटातून, पाठीतून काहीतरी काढून दाखवेल. निघालं म्हणजे आत होतं असं धरून चालू नका. विचारा, हेच आरशावर केलं तर काय होतं? मगावर केलं तर? आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या पायावर? ह्यासाठी शाळेत पहिलं यावं लागत नाही. मी नापास होऊन बाहेर पडलोय, तरी मला जमलं. विचारल्यावर जो पाय मागे घेतो, त्याला तुमचा पाय देऊ नका. आणि दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, निदान ज्यांना शुगर आहे त्यांनी तरी.

अजून बरंच लिहायचं होतं, पण कोमलगुरू आता पुलापलीकडच्या बेकरीत बसतोय. तिथे म्हणे तो भट्टीवाल्यांच्या हातांमधलं दुःख काढतो. आत्या खाली उभी आहे, शांतिजलाची डबी घेऊन, आणि गल्ली दणाणून सोडतेय, "अरे ए दीडशहाण्या, येतोस की मी एकटी जाऊ?" एकटी गेली तर त्या माणसाचं काही खरं नाही. आरसा माझ्या काखेत आहे. आई दारातून म्हणतेय, संध्याकाळच्या आत परत आण, मला तळवे बघायचेत.

मला आता निघायला हवं.